बिनभुताचा खेळ

"बाथरूमचा दिवा आपोआप बंद होत नसतो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि नळही नीट फिरव. मघापासून टपटप चाललीय."

पारखीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो संगणकासमोर बसला होता. पडद्यावर काळोख होता, काळोखात 'सुरू करा' असे दोन शब्द लुकलुकत होते आणि त्याचं बोट चहा गार होईपर्यंत नुसतंच त्या बटणावर तरंगत होतं. दुपारची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन आलेलं, समोरच्या गॅलरीत कुणीतरी गाद्या झोडपत होतं. घाबरण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. तरी त्याने दोन्ही पाय खुर्चीवर वर घेतले होते.

पारखी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एका वर्तमानपत्रात तो 'पारख' नावाचं सदर लिहायचा, म्हणून कचेरीत सगळे त्याला पारखी म्हणत, आणि पुढे घरीही तेच चिकटलं. मिक्सर, इस्त्री, पंखा, गादी, बाजारात नवं काही आलं की ते आठवडाभर वापरायचं आणि मग लिहायचं. वर 'जमेच्या बाजू', खाली 'लंगड्या बाजू'. एका इस्त्रीबद्दल त्याने लिहिलं होतं की घडी सुरेख बसते, पण वायर इतकी आखूड की माणसाला शिक्षा झाल्यासारखं भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. लोकांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. स्वतः हाताळल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, ही त्याची शिस्त. बाकी माणूस सरळ, गुणी आणि कमालीचा भित्रा. लिफ्टमध्ये तो एकटा चढत नसे, आणि जिना अंधारा असेल तर कुणीतरी शेजारी येईपर्यंत खाली बुटाची नाडी बांधत बसे.

आठवड्याच्या सुरुवातीलाच संपादकबाईंनी त्याला बोलावून घेतलं होतं.

"मिक्सर कोण वाचतं हो आता?" त्या म्हणाल्या. "मला तरुण वाचक हवाय. हा गेम बघा. 'मागे कोण'. एका मुलीने एकटीने बनवलाय. छोटासाच आहे, एका बैठकीत संपतो म्हणे. भुताचा आहे."

"भुताचा," पारखी म्हणाला.

"जीव वाचवायचा आणि बाहेर पडायचं, बस. हे जमलं तर सदर चालू राहील. नाही जमलं तर ती जागा मी जाहिरातींना देणार. तुमची काळजी करू नका, निधनवार्तांच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी आहे."

निधनवार्तांचं टेबल जिन्याखाली होतं. तिथला दिवा फडफडायचा, आणि लोक गेलेल्या माणसांचे फोटो आणून देत ते समोर मांडून बसावं लागे. पारखीच्या तोंडचं पाणी पळालं. तो गेम घेऊन घरी आला.

आणि आता शेवटी त्याने डोळे मिटून बटण दाबलं. करकर आवाज करत कुठलंसं दार उघडलं, लांबवर काहीतरी घसटत गेलं. पुढच्या क्षणी पारखी स्वयंपाकघरात उभा होता.

"पाणी प्यायला आलो," तो म्हणाला.

"ते कानाला लावलेलं तसंच घेऊन?" आई म्हणाली. हेडफोनची वायर तुटलेल्या पतंगाच्या दोरीसारखी त्याच्या मागे लोंबत होती. "काय झालंय? चेहरा का असा?"

लपवण्यात अर्थ नव्हता. पारखीने सगळं सांगितलं. निधनवार्तांच्या खुर्चीचंही सांगितलं. आईने हात पुसले. ती एका कंपनीत टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली, कळफलकावर हात अजून चालता होता, आणि दुपारी संगणकावर पत्ते लावत बसायचा तिचा नेम होता. भुताखेतांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

"मी बसते. तू मागे बस आणि लिहून घे," ती म्हणाली.

"पण हाताळल्याशिवाय मी लिहीत नाही."

"मग हाताळ."

पारखी वही घेऊन सोफ्यावर बसला. तोंड भिंतीकडे, उशी कानावर.

"अंधार आहे," आई म्हणाली. "दिवा लावला. खोली दिसतेय. वसतिगृह आहे वाटतं, पलंगांच्या रांगा आहेत. कित्येक दिवसांत कुणी केर काढलेला नाही."

"भूत?"

"जळमटं आहेत. ही काडेपेटी मिळाली. थोड्याच काड्या आहेत."

"भूत आलं की काडी पेटवायची. मग ते मागे सरतं," पारखीने माहितीपत्रकात वाचलेलं सांगितलं.

"बघू. आत्तापासून कशाला उधळायच्या?"

मग खट् असा आवाज झाला. पाठोपाठ दुसरा, जरा जड. पारखीने उशी घट्ट धरली. कुणीतरी दातावर दात आपटावेत तसा तो आवाज होता, आणि दर थोड्या वेळाने येत होता. तो काय आहे हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

"इथे मलमपट्टी मिळाली," आई सांगत होती. "ठेवून देते, उद्या लागली तर. पिशवी मात्र अगदीच एवढीशी दिलीय. बाईमाणसाने काय न्यायचं त्यात? आणि हे पाणी कुठे गळतंय?"

"आई, ते मुद्दाम असतं. भीती वाटावी म्हणून."

"असू दे. बंद केला मी नळ."

गाद्या झोडपणाऱ्याचं काम आटोपायच्या आत आईचा खेळ आटोपला. फाटकाची किल्ली तळमजल्यावरच्या कपाटात होती, फाटक उघडलं, आई बाहेर पडली. पडद्यावर 'तुम्ही वाचलात' अशी अक्षरं उमटली.

"काड्या सगळ्याच्या सगळ्या शिल्लक आहेत," आई समाधानाने म्हणाली.

"आणि भूत?"

"नव्हतं."

"नव्हतं म्हणजे?"

"नव्हतं म्हणजे नव्हतं. सगळ्या खोल्या फिरले मी. असतं तर दिसलं असतं."

सुंठीवाचून खोकला गेला. पारखी उत्साहाने लिहायला बसला. जमेच्या बाजू: नकाशा सोपा आहे, चुकायला होत नाही, दारांचे आणि पावलांचे आवाज इतके खरे की खोलीत कुणी आहे की काय असं वाटावं, खेळ आटोपशीर आहे, माणसाची दुपार वाया जात नाही. लंगड्या बाजू: पिशवी फार लहान, पाट्यांवरचं अक्षर बारीक, चष्मा लागतो, स्वच्छतेच्या नावाने आनंद. आणि शेवटी त्याने ठेवणीतलं वाक्य टाकलं. 'सर्वांत मोठी उणीव अशी की भुताच्या या खेळात भूतच नाही. शिट्टी नसलेला कुकर कुणी घ्यावा?'

सदर छापून आलं आणि दुपारपर्यंत कचेरीतला फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. एक वाचक म्हणाला, भूत नाही कसं, माझ्या मागे पहिल्याच जिन्यात लागलं, तेव्हापासून मी खोलीत एकटा झोपत नाही. दुसऱ्याने विचारलं, तुमचा पारखी इस्त्र्यासुद्धा अशाच न वापरता तपासतो काय. याहून वाईट होते ते विश्वास ठेवणारे. 'पारख'चा शब्द म्हणजे शब्द, असं म्हणून त्यांनी गेम घ्यायचा बेतच रद्द केला होता.

मग त्या मुलीचा, गेमवालीचा फोन आला. ती भांडली नाही. भांडली असती तर पारखीला बरं वाटलं असतं.

"तिचा आवाज रडवेला होता," संपादकबाई म्हणाल्या. "दोन वर्षं खपून बनवलाय तिने. म्हणते, भूत आलं नाही असं कधीच झालेलं नाही, तुमच्याकडे कसं झालं ते मला डोळ्यांनी बघायचंय. मी तिला उद्याच, गुरुवारी बोलावलंय. सगळ्यांसमोर खेळून दाखवा. तुम्ही खेळला होता ना?"

"खेळून झाला होता," पारखी म्हणाला. वाक्य खरं होतं आणि तरी ते त्याला खोट्यासारखं ऐकू आलं.

"मग झालं. भूत आलं तर मात्र शुक्रवारपासून जिन्याखाली."

घरी येऊन त्याने मनाचा हिय्या केला. आईला बाहेर बसवलं, दार उघडं ठेवलं, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि स्वतः खेळायला बसला. पहिल्या खोलीत दिवा लावला, काडेपेटी घेतली, बाहेर आला, दुसऱ्या खोलीत शिरला. मागून काहीतरी घसटत आलं. त्याने वळून बघितलं तर दारात एक उंच बाई उभी होती आणि तिला चेहराच नव्हता. पारखीने पेटीतल्या सगळ्या काड्या एकदम पेटवल्या आणि त्या गडबडीत पाय अडकून संगणकाचा प्लग उपटला.

"आई, भूत आहे," तो गॅलरीत येऊन म्हणाला. बोबडी वळायची तेवढी बाकी होती.

"काहीतरीच काय."

"उभं होतं दारात. तू डोळे मिटून खेळलीस का?"

आईला राग आला. "मी? डोळे मिटून? उशीत तोंड कुणी घातलं होतं? माझ्या वेळी नव्हतं. तुझ्या वेळी आलं असेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तो काय संगणकात यायचा राहतोय?"

पारखी तिच्याशेजारी बसून राहिला. खुर्ची जाणार याचं दुःख होतंच, पण त्याहून ती मुलगी त्याला सलत होती. तिचं भूत चांगलं होतं. अप्रतिम होतं. त्याच्यासारख्या अनुभवी भित्र्या माणसाला त्याने प्लग उपटायला लावला होता, आणि पारखीने ते नाहीच असं छापून टाकलं होतं. आजवर एका इस्त्रीवरसुद्धा त्याने असा अन्याय केला नव्हता.

गुरुवारी तो आईला घेऊनच कचेरीत गेला. "डोळे तपासायला न्यायचंय तिला, नंतर," असं त्याने दारातच सांगून ठेवलं. बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते. छपाईवाले आले होते, जाहिरातवाले आले होते, निधनवार्तांच्या टेबलावरचे काका रिकाम्या खुर्चीत सोबत येणार म्हणून हसतमुखाने पुढे बसले होते. गेमवाली कोपऱ्यात होती. वीस-बावीस वर्षांची, जाड चष्म्याची, स्वतःचा माउस रुमालात गुंडाळून घेऊन आलेली.

"बसा, काका," ती पारखीला म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी जसं खेळलात तसंच खेळा."

पारखी बसला. पडद्यावर काळोख आला, दोन शब्द लुकलुकले. त्याने मुलीकडे पाहिलं, संपादकबाईंकडे पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवले.

"मी खेळलो नव्हतो," तो म्हणाला. "मला भीती वाटते. आई खेळली आणि मी ऐकून लिहिलं. काल मी पहिल्यांदा खेळलो आणि घाबरून प्लग उपटला. ताई, भूत आहे. फार छान आहे. माझं चुकलं."

 संपादकबाई शांतपणे दाराबाहेरच्या जिन्याकडे बघू लागल्या. निधनवार्तांच्या काकांनी खिशातून टेबलाच्या खणाची जादा किल्ली काढून ठेवली.

"सरक," आई म्हणाली.

"आई, आता राहू दे."

"का राहू दे? त्याने ऐकून लिहिलं हे वाईटच केलं, त्याला काय करायचं ते करा. पण मी खोटं सांगितलेलं नाही. नव्हतं म्हणजे नव्हतं. सरक म्हणते ना."

ती बसली, पदर खोचला आणि खेळायला लागली. पहिली खोली झाली. भूत आलं नाही. जिना झाला, ज्या जिन्यात वाचकाची झोप उडाली होती तो. भूत आलं नाही. दुसरा मजला झाला. छपाईवाल्यांनी आधी श्वास रोखून धरले होते, ते हळूहळू सोडले. मुलीचा चेहरा उतरत चालला. म्हणजे खेळातच खोट होती. ती उठून पडद्याजवळ आली, मग आणखी जवळ आली, मग आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली.

खट् आवाज झाला. पाठोपाठ दुसरा, जड.

"काकू," मुलगी म्हणाली, "हे तुम्ही काय केलंत आत्ता?"

"काय केलं? दिवा बंद केला आणि दार ओढलं."

"का?"

आईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पारखीला मुलीची कीव आली. "खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतात, बाळ. दार लोटून घेतात. उघडं टाकून जायचं का?"

"आणि मघाशी तो नळ?"

"गळत होता."

मुलीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिचे खांदे हलू लागले. रडतेय की काय म्हणून संपादकबाई पुढे आल्या, पण ती हसत होती. तिला बोलता येईपर्यंत बराच वेळ गेला.

"माझं भूत वासावर येत नाही, आवाजावर येत नाही," ती म्हणाली. "माणूस मागे जे चालू ठेवून जातो ना, त्याच्या मागोमाग येतं. चालू दिवा, उघडं दार, गळता नळ. मी दिव्यांना बटणं दिली, दारं लागतील अशी केली, पण कुणी ती वापरेल असं वाटलंच नव्हतं. ज्यांना ज्यांना खेळायला दिला ते सगळे दिवे लावत पळत सुटले. घाबरलेला माणूस मागचा दिवा कशाला बंद करेल?"

"मी कुठे घाबरले होते?" आई म्हणाली.

"पण अशी कल्पना सुचली कशी तुला?" संपादकबाईंनी विचारलं.

मुलगी जरा लाजली. "आमची आई. लहानपणी मी दिवा चालू ठेवून गेले की मागून यायची. ओरडायची नाही. नुसती येऊन दारात उभी राहायची. त्यानेच जास्त भीती वाटायची."

"आणि तिला चेहरा का नाही?" पारखीने विचारलं. त्याला ते कालपासून छळत होतं.

"वळून बघायची हिंमतच झाली नाही कधी."

आईने मान डोलावली. खेळातली शेवटची खोली तिने बंद केली, किल्ली घेतली, फाटक उघडलं. "मग ती माउली माझ्यामागे कशाला येईल?" ती म्हणाली. "तिचंच काम तर करत होते मी. बिचारी कुठेतरी निवांत बसली असेल आज."

आता खोलीतले सगळेच हसत होते. निधनवार्तांचे काका तेवढे हिरमुसले आणि किल्ली पुन्हा खिशात टाकू लागले. संपादकबाई मात्र हसता हसता थांबल्या.

"किल्ली बाहेरच राहू द्या," त्या म्हणाल्या. "पारखी, चूक कबूल केलीत हे बरं केलंत. पण हाताळल्याशिवाय लिहायचं नाही ही रीत तुमचीच. उद्याच्या अंकात पुन्हा 'पारख' लिहायची. या वेळी गेम तुम्ही स्वतः खेळायचा, शेवटपर्यंत. इथेच, आत्ता. प्लग मी धरून ठेवते."

पारखी बसला. पळून जायला दार लांब होतं आणि वाटेत छपाईवाले होते. त्याने पहिल्या खोलीत दिवा लावला, आणि सवय ती सवय, तसाच ठेवून पुढे गेला. मागून घसटत पावलं आली. त्याचा हात काड्यांकडे गेला. तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही पावलं त्याच्या ओळखीची होती. इतकी वर्षं तो याच पावलांच्या पुढे पुढे घरभर फिरत आला होता. तो वळला. बिनचेहऱ्याची बाई दारात उभी होती, हात कमरेवर.

"करतो, करतो," पारखी पुटपुटला. तो तिच्या बाजूने परत गेला, खट् करून दिवा बंद केला, दार ओढलं. बाई क्षणभर थांबली आणि मुकाट्याने निघून गेली. पारखीला काय वाटलं ते त्याला धड सांगता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा तो भूत बघूनही जागचा हलला नव्हता. पुढे त्याने दोनदा दिवा मुद्दाम चालू ठेवला, केवळ ती येते का हे बघायला.

शुक्रवारचं सदर त्याने कुणाला न विचारता लिहिलं. आधी गेम कोण खेळलं, लेखक कुठे तोंड लपवून बसला होता, हे सगळं उशीसकट लिहिलं. जमेच्या बाजूंमध्ये भूत सर्वांत वर होतं. लंगड्या बाजूंमध्ये पिशवी कायम राहिली, कारण ती खरोखरच लहान होती. शेवटी त्याने लिहिलं, 'हा खेळ आपल्या आईला खेळायला बसवा आणि शेजारी बसून बघा.' घरोघरी आया संगणकासमोर बसल्या. काहींच्या मागे भूत लागलं आणि त्यांच्या मुलांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. गेमची मागणी इतकी वाढली की मुलीने पुढचा बनवायला घेतला आणि पिशवी मोठी करणार असल्याचं आईला फोन करून कळवलं. सदर राहिलं. काकांनी खणाची किल्ली दुसऱ्या कुणाला तरी दिली.

सदर छापून आलं त्या शुक्रवारी संध्याकाळी पारखी नव्या माणसासारखा घरी आला. लिफ्टमध्ये एकटा चढून आला. घरात शिरल्यावर दिवेलागणीला लावलेला हॉलचा दिवा चालू दिसला, तो त्याने बंद केला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, तिथलाही केला. आतल्या खोलीतला केला. बाथरूमच्या दाराखालून उजेडाची पट्टी दिसत होती. आज सकाळी आपणच ठेवला असणार, असं त्याला वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. बटण बाहेरच होतं. त्याने ते खट् करून दाबलं आणि दाराची कडीही लावून घेतली.

सगळीकडे गुडूप अंधार झाला. मग बाथरूमच्या आतून एक बारीक, कापरा आवाज आला. असा आवाज पारखीने या घरात आजवर फक्त स्वतःचा ऐकला होता.

"कोण आहे?" आई विचारत होती. "बाहेर कोण आहे?"